वाचकांचे प्रश्न : गुरू मन 'दाखवून' देतात म्हणजे नक्की काय करतात?

मागच्या अंकात ध्यानाच्या वेगवेगळ्या पद्धतींवर लिहिताना तिबेटी बौद्ध परंपरेतल्या एका गोष्टीचा मी जाता जाता उल्लेख केला होता, की तिथं गुरू शिष्याला समोर बसवून त्याच्याच मनाचं मूळ स्वरूप थेट ओळखून देतात आणि खरी साधना त्यानंतर सुरू होते. त्या चार ओळींवर इतके मेसेज आणि पत्रं आलीत की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. नावं छापत नाही, गावं तेवढी ठेवलीत.

ताई, मी मिरजेत नर्स आहे. मैत्रिणीनं एका ऑनलाइन सेशनची लिंक पाठवली, त्यात एका परदेशी गुरुजींनी थोडा वेळ शांत बसवलं, मग एकदम जोरात ओरडले आणि म्हणाले, 'हेच तुमचं मन, बघा!' बाकीचे लोक चॅटमध्ये हात जोडत होते, काहीजण रडत होते म्हणे. मला काहीच झालं नाही. नुसती दचकले. नक्की काय व्हायला पाहिजे होतं?

आधी ही पद्धत कशी चालते ते सांगते, म्हणजे 'काही व्हायला पाहिजे' हा प्रश्नच जरा वेगळा दिसायला लागेल.

तिबेटी बौद्धांमध्ये ही थेट ओळख मुख्यतः दोन प्रवाहांत आहे. एक झोगचेन, जे न्यिंग्मा संप्रदायात आणि बोन या तिबेटच्या वेगळ्या जुन्या परंपरेत आहे, आणि दुसरं महामुद्रा, जे तिलोपा, नारोपा, मार्पा, मिलारेपा असं करत काग्यू संप्रदायात आलं. झोगचेनमध्ये गरब दोर्जे या पहिल्या मानवी गुरूंची तीन वचनं मानतात. पहिलं, स्वतःच्या मूळ स्वरूपाची थेट ओळख. दुसरं, त्या एकाच गोष्टीबद्दल पक्का निश्चय. तिसरं, विचार उठले तरी ते आपले आपण सुटतात यावर भरवसा. म्हणजे तुम्ही ज्या सेशनला बसलात ते तीनातलं फक्त पहिलं, आणि तेही घाईघाईत केलेलं दिसतंय.

ते ओरडणं मात्र त्या गुरुजींनी मनानं काढलेलं नाही. एकोणिसाव्या शतकात पूर्व तिबेटमध्ये पात्रुल रिनपोछे (१८०८–१८८७) होऊन गेले, त्यांनी या तीन वचनांवर जे लिहिलंय त्यात स्पष्ट सांगितलंय की आधी मन मोकळं सोडायचं, ना त्याला पसरू द्यायचं ना आवळून धरायचं, आणि तसं निवांत असताना एकदम जोरात 'फट्' म्हणायचं. त्या आवाजानं विचारांची साखळी क्षणभर तुटते. त्या क्षणी विचार नाही, पण तुम्ही बेशुद्धही नाही, झोपलेल्या नाही, सगळं लख्ख कळतंय. ते जे उघडं जाणणं आहे, ज्याला ते रिग्पा म्हणतात, तिकडं गुरू बोट दाखवतात. दचकणं हा मुद्दा नाही, दचकल्यावर 'अरे बापरे, काय हे' असा पहिला विचार यायच्या आधी जे होतं तो मुद्दा. तुम्हाला ते दिसलंच नसेल असं मी म्हणणार नाही, ते इतकं साधं असतं की आपण त्याला 'काहीच नाही' म्हणून सोडून देतो आणि चॅटमध्ये कोण रडतंय ते बघायला लागतो.

सगळेच गुरू ओरडत नाहीत हेही सांगते. महामुद्रेत बऱ्याचदा प्रश्न विचारून नेतात आणि हे एका बैठकीत संपत नाही, आठवडे जातात. गुरू सांगतात, जा, बस, आणि बघून ये की मनाला रंग आहे का, आकार आहे का, ते शरीराच्या आत आहे की बाहेर. विचार उठतो तो कुठून उठतो, असतो तेव्हा कुठं असतो, जातो तेव्हा कुठं जातो. मन स्थिर असताना कसं असतं, हलत असताना कसं असतं, आणि या दोन्ही गोष्टी ज्याला कळतात ते या दोघांपेक्षा वेगळं आहे का. शिष्य येऊन सांगतो, गुरू म्हणतात हे तू पुस्तकातलं सांगतोयस, परत जा. असं करत करत एक दिवस तो म्हणतो की शोधलं पण हातात धरावं असं काहीच सापडलं नाही, आणि तरी कळणं काही थांबलं नाही. तिथं गुरू म्हणतात, थांब, हेच. काही ठिकाणी स्फटिक दाखवतात, आरसा दाखवतात. स्फटिक स्वतः बिनरंगी पण प्रकाश पडला की सगळे रंग त्यातून उमटतात, आरशात काहीही दिसलं तरी आरसा डागाळत नाही.

तुम्ही मिरजेच्या, म्हणून एक सांगते. तुमच्याकडं सतारमेकर गल्लीत तानपुरे बनतात. चांगली जवारी लागलेला तानपुरा सुरात मिळवला की त्यातून गंधार ऐकू येतो, खरं तर एकही तार गंधाराला लावलेली नसते, त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. नवीन शिकणाऱ्याला तो ऐकू येत नाही, कानावर पडत असतो पण 'हा तो' हे माहीत नसतं. मग गुरू शेजारी बसून म्हणतात, 'ऐक, आत्ता'. आणि एकदा कळला की कळला. गुरूंनी तो सूर आणून दिला नाही आणि तुम्हालाही तो छेडून काढता येत नाही, तानपुरा नीट लागलेला ठेवायचा एवढंच आपल्या हातात.

आणि एक खरी हकीकत सांगते, याच पात्रुल रिनपोछेंची. न्योशुल लुंगतोक नावाचे त्यांचे शिष्य बरीच वर्षं सोबत होते, मनापासून साधना करायचे, पण मनाचं स्वरूप काही कळत नाही म्हणून बेचैन. झोगचेन मठाच्या वरच्या डोंगरात एका संध्याकाळी पात्रुल उघड्यावर जमिनीवर आडवे झाले आणि म्हणाले, ये, तूही माझ्यासारखा पड. मग विचारलं, वर आकाशात तारे दिसतात का? दिसतात. मठातली कुत्री भुंकतायत ते ऐकू येतंय का? येतंय. आपण बोलतोय ते ऐकू येतंय का? येतंय. बस, ध्यान म्हणजे हेच. लुंगतोकना त्या क्षणी पक्कं कळलं, आणि पुढं ते स्वतः या परंपरेतले मोठे गुरू झाले. पण लक्षात घ्या, वाक्य साधं होतं तरी त्याच्या मागं कितीतरी वर्षांचं एकत्र राहणं होतं. तेच वाक्य यूट्यूबवर ऐकून मला काही झालं नाही म्हणून कुणी हिरमुसायचं कारण नाही.

आता ऑनलाइनचं. नामखाई नोर्बू रिनपोछे (१९३८–२०१८) यांच्यासारख्या मोठ्या गुरूंनी ही ओळख वेबकास्टवरूनही दिलीय, त्यामुळे ऑनलाइन म्हणजे खोटंच असं मी म्हणत नाही. पण त्यांचाही आग्रह असायचा की गुरू आणि शिष्य एकाच वेळी त्यात असले पाहिजेत, नंतर रेकॉर्डिंग बघून चालणार नाही. तुमचं सेशन लाइव्ह होतं का, आणि त्या गुरुजींना नंतर प्रश्न विचारायची सोय आहे का, हे आधी बघा. नसेल तर तो कार्यक्रम म्हणून सोडून द्या. असेल तर हाच प्रश्न त्यांना विचारा, अगदी याच शब्दांत, 'मला काही झालं नाही, मी दचकले'. प्रामाणिक शिष्याकडून गुरूला हेच हवं असतं.

मी विट्याचा, स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. रात्री उशिरा ध्यानाला बसलो की डोकं एकदम सुन्न होतं, विचार बंद, वेळ कसा गेला कळत नाही. हीच ती अवस्था का?

नाही. सुन्न होणं आणि जागं असणं यात या परंपरेचे गुरू फार काटेकोर फरक करतात, आणि हा घोटाळा सगळ्यात जास्त लोकांचा होतो. विचार नाहीत पण जाणीवही धुरकट आहे, वेळ कळत नाही, उठल्यावर जड वाटतं, तर ती एक प्रकारची गुंगीच. तिला मनाचं स्वरूप समजून वर्षानुवर्षं बसणाऱ्यांना जुन्या ग्रंथांतून सरळ इशारे दिलेत. उलट खरी ओळख असते तेव्हा बाहेर एसटीचा हॉर्न वाजला तरी तो स्वच्छ ऐकू येतो. तुमच्या बाबतीत मला तर साधी झोपेची कमी दिसतेय, बाळा. रात्री अभ्यास संपवून ध्यानाला बसू नकोस, झोप. सकाळी पाठ ताठ ठेवून, डोळे उघडे ठेवून, थोडाच वेळ बस आणि ताजं असतानाच उठ. थोड्या थोड्या वेळाचं पण पुन्हा पुन्हा, असंच ते गुरू सुरुवातीच्या माणसाला सांगतात.

आणि सुन्नपणा दिवसाही राहत असेल, अभ्यासात, जेवणात, माणसांत काहीच वाटेनासं झालं असेल, तर ते ध्यानाचं नाही, डॉक्टरांना दाखव. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं, लाज वाटून घेऊ नकोस.

जय भीम ताई. मी साताऱ्याचा. बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धीला पटणारा धम्म दिला. आता परत गुरू समोर बसणार, ओरडणार, स्फटिक दाखवणार, शिष्य हात जोडणार. ज्या बुवाबाजीतून बाहेर पडलो तीच मागच्या दारानं आत येत नाही का?

जय भीम. हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला आणि याला गोड बोलून टाळायचं नाही असं ठरवूनच लिहितेय.

तुमच्या गावात ७ नोव्हेंबर १९०० ला ज्या मुलानं शाळेत नाव घातलं, ज्याच्या शाळाप्रवेशाचा दिवस आज राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो, त्यानंच १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांना धम्म दिला. आणि त्यांनी बुद्धाबद्दल एक गोष्ट फार ठासून सांगितली, की बुद्ध मार्गदाता आहे, मोक्षदाता नाही. धम्मपदातही तेच आहे, 'तुम्हेहि किच्चं आतप्पं, अक्खातारो तथागता', कष्ट तुम्हालाच करायचेत, तथागत फक्त सांगणारे. माझ्या मते या थेट ओळखीच्या पद्धतीला हीच कसोटी लावावी. जो गुरू म्हणतो 'हे तुझंच आहे, मी फक्त बोट दाखवतो, तू स्वतः तपासून बघ', तो मार्गदाता. जो म्हणतो 'माझ्या कृपेशिवाय तुझं काही खरं नाही', तो कितीही लाल चिवरात असो, त्याच्यापासून लांब राहिलेलं बरं.

या परंपरेत परीक्षेला जागा नाही असंही नाही. तिबेटमधला पहिला मोठा मठ साम्ये, तो आठव्या शतकात उभा राहिला तेव्हा तिथं आपल्याकडून गेलेले आचार्य होते शांतरक्षित. त्यांच्या तत्त्वसंग्रहात एक श्लोक आहे, त्यात बुद्ध म्हणतात की सोनं जसं तापवून, कापून, कसोटीवर घासून घेतात तसं भिक्षूंनो माझं वचन पारखून घ्या, केवळ माझ्या मोठेपणामुळं नको. ज्या मातीत ही थेट ओळखीची परंपरा वाढली तिथंच हे वाक्यही आहे. गुरू धरण्याआधी तो कसा वागतो, पैशाचं काय करतो, बायकांशी कसा बोलतो, हे खूप काळ बघावं असं तिबेटी आचार्य स्वतः सांगत आलेत.

पण पुढचंही सांगितलं पाहिजे. तिबेटी बौद्धांच्या तंत्रमार्गात गुरूभक्तीवर फार भर आहे आणि त्याचा गैरफायदा घेणारे निघालेत, पाश्चात्त्य देशांत काही तिबेटी गुरूंवर लैंगिक शोषणाचे गंभीर आरोप झाले, लोकांची आयुष्यं उद्ध्वस्त झाली. १९९३ साली धरमशाळेत पाश्चात्त्य बौद्ध शिक्षकांची बैठक झाली तेव्हा दलाई लामांनीच सांगितलं की गुरू चुकीचं वागत असेल आणि ऐकत नसेल तर ते जाहीर करा, झाकून ठेवू नका. तुमचा संशय म्हणून मला अजिबात चुकीचा वाटत नाही, तो बरोबर घेऊनच जा. फक्त एवढी विनंती की संशय गुरूवर असू द्या, स्वतःच्या मनाकडं बघण्यावर नको. विचार कुठून येतो हे बघायला कुणाच्या पाया पडावं लागत नाही, आणि ते बघणं पूर्णपणे बुद्धीला पटणारं आहे, कारण तिथं मान असं कुणी म्हणतच नाही, बघ एवढंच म्हणतात.

मी सांगलीचा, गोएंका गुरुजींच्या विपश्यनेचा जुना साधक, आळत्याच्या केंद्रात बसतो. दोन शंका. एक, हे थेट ओळखणं मूळ बुद्धवचनात आहे का, की तिबेटमध्ये नंतर घातलं? दोन, दोन्ही एकत्र केलं तर चालेल का?

पहिल्या शंकेचं उत्तर तर आपल्या महाराष्ट्रातच आहे. उदान या पाली ग्रंथात बाहिय दारुचीरियची गोष्ट येते. हा सुप्पारकला राहायचा, सुप्पारक म्हणजे आजचं नालासोपारा, जिथं १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उकरून काढला. लोक त्याला मोठा सिद्धपुरुष समजायचे, त्यालाही तसंच वाटायला लागलेलं, मग एका देवतेनं त्याला जागं केलं की तू अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त झालेला, नाहीस, त्या वाटेवरसुद्धा नाहीस, श्रावस्तीला जा, तिथं खरा अर्हत आहे. तो कोकण किनाऱ्यावरून थेट श्रावस्तीला. बुद्ध भिक्षेला निघालेले, बाहियनं रस्त्यातच पाय धरले. बुद्ध म्हणाले, ही वेळ नाही. त्यानं दुसऱ्यांदा विनवलं, तेच उत्तर. तिसऱ्यांदा तो म्हणाला, कोण किती जगेल कुणाला माहीत, आत्ताच सांगा. तेव्हा रस्त्यात उभ्या उभ्या बुद्धांनी सांगितलं, 'दिट्ठे दिट्ठमत्तं भविस्सति, सुते सुतमत्तं भविस्सति', पाहिलेल्यात फक्त पाहिलेलं असेल, ऐकलेल्यात फक्त ऐकलेलं, आणि तसं झालं की त्यात 'तू' असा कुणी उरणार नाही. एवढ्यावर तो मुक्त झाला, आणि थोड्याच वेळात वासरू सोबत असलेल्या गायीनं मारल्यानं गेलासुद्धा. बुद्धांनी त्याचा स्तूप बांधायला सांगितलं. मी जेव्हा जेव्हा हे वाचते तेव्हा मला त्या माणसाची घाई फार जवळची वाटते.

अंगुत्तर निकायात 'पभस्सरमिदं भिक्खवे चित्तं' असंही येतं, हे चित्त तेजस्वी आहे आणि मळ येतो तो बाहेरून आलेल्या पाहुण्यासारखा. थेरवादी, म्हणजे पाली ग्रंथ मानणाऱ्या परंपरेचे, आचार्य या 'पभस्सर' चित्ताचा अर्थ वेगळा लावतात, तिबेटी वेगळा लावतात, त्यामुळे झोगचेन जसंच्या तसं पालीत आहे असं मी म्हणणार नाही. रिग्पाची भाषा, गरब दोर्जेंची वचनं, ती सगळी मांडणी नंतरची आहे. पण जिवंत गुरूनं समोरच्या माणसाला थोड्या शब्दांत थेट दाखवणं आणि ते त्याला तिथल्या तिथं कळणं, हे बुद्धांच्या काळापासून आहे, बाहिय त्याचा पुरावा.

दुसऱ्या शंकेला, नाही, एकत्र करू नका. शिबिरात तर करूच नका, तिथं नियमच आहे आणि तुम्ही तो मान्य करून बसता. पद्धतीही उलट्या दिशेनं चालतात, तुमच्याकडं अंगभर संवेदना समतेनं बघत जायच्या, इकडं बघणाऱ्याकडंच वळायचं, आणि दोन्हीत एक एक पाय ठेवला की साधक रोज 'आज काय करू' याच विचारात राहतो. तुमची बैठक पक्की आहे, ती सोडू नका. वर्षभर बघा, ओढ तशीच राहिली तर तुमच्या सहायक आचार्यांना मोकळेपणानं सांगा आणि मग एक काय ते निवडा.

जतहून लिहितोय. आमच्या तालुक्यात उमदी, भाऊसाहेब महाराजांचं गाव. आमच्या घरात तीन पिढ्या त्या संप्रदायाचा नेम आहे. तुम्ही सांगताय ते आमच्या विहंगम मार्गासारखंच वाटतं. मग वेगळं काय?

सारखं वाटणारच, आणि ते उगाच वाटत नाही. उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडं (१८४३–१९१४) नामाचा, नियमित बैठकीचा कडक नेम, त्यांचे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज (१८८८–१९३६) यांनी पुढं भर दिला तो विहंगम मार्गावर, पक्ष्यासारखं थेट फळावर जाऊन बसायचं, मुंगीसारखं खोडावरून चढत राहायचं नाही. गुरूमुखातून ऐकायचं, तिथंच विचार करायचा, तिथंच ओळखायचं. निसर्गदत्त महाराज त्यांचेच शिष्य. आणि मुळात नाथांचं आणि या बौद्ध सिद्धांचं घर शेजारी शेजारीच होतं, तिबेटी लोक ज्या ८४ महासिद्धांची यादी सांगतात त्यात गोरक्ष आहेत, मीननाथ आहेत. आपल्या सांगली जिल्ह्यात शिराळ्याला गोरक्षनाथ आणि वाळव्यात मच्छिंद्रगड, म्हणजे ही मंडळी आपल्याला परकी नाहीतच.

पण फरक आहे आणि तो पुसू नये. तुमच्याकडं शेवटी जे उरतं ते स्वस्वरूप, परब्रह्म, आत्मा. बौद्ध गुरू तिथंही विचारतात, ते 'उरलेलं' शोधून दाखव. शोधलं तर सापडत नाही, आणि सापडत नाही म्हणून कळणं बंदही पडत नाही, हे दोन्ही एकदम, शून्यता आणि प्रकाश वेगळे न करता येणारे, असं ते म्हणतात. त्याला कायमचा आत्मा म्हटलं की ते थांबवतात आणि काहीच नाही म्हटलं तरीही थांबवतात. शेवटी दोन्ही एकच की काय यावर भांडणारे खूप आहेत, तुम्ही त्या वादात पडू नका. तुमच्या घरातला नेम तीन पिढ्यांचा आहे, जिवंत आहे, तो नेटानं चालवा. दुसरीकडचं वाचून स्वतःचं जास्त उघडं होत असेल तर वाचा, नाहीतर ठेवून द्या.

कराडहून, शिक्षक. समजा एकदा ओळख झाली. मग संपलं का? कारण मी एका रिट्रीटमध्ये खरंच काहीतरी स्वच्छ पाहिलं, गुरुजींनीही हो म्हटलं. पण घरी आल्यावर आठ दिवसांत बायकोवर तसाच खेकसायला लागलो.

संपलं नाही, सुरू झालं. तिबेटी लोकांत यावर एक जुनी म्हण आहे, समजणं हे ठिगळासारखं गळून पडतं, अनुभव धुक्यासारखा विरतो, आणि पक्कं झालेलं मात्र आकाशासारखं बदलत नाही. तुमचं ते बहुतेक पहिल्या दोन्हींच्या मधलं कुठंतरी. त्यात कमीपणा नाही, बहुतेकांचं तिथंच असतं.

एका क्षणात होतं की हळूहळू, हा वाद तिबेटमध्ये अगदी सुरुवातीलाच झाला. आठव्या शतकाच्या शेवटी साम्येला चिनी भिक्षू ह्वशांग महायान आणि भारतातून बोलावलेले कमलशील यांच्यात. कमलशील शांतरक्षितांचे शिष्य, त्यांचं म्हणणं असं की नुसतं विचार थांबवून भागत नाही, शील, करुणा, विवेक हे पायरीपायरीनं वाढवावं लागतं. तिबेटी परंपरा सांगते की ते जिंकले. आणि गंमत नाही, खरंच बघा, ज्या झोगचेनमध्ये एका क्षणाची ओळख एवढी मोठी मानतात तिथंच बहुतेक गुरू आधी एक लाख दंडवत, एक लाख वेळा शंभर अक्षरांचा वज्रसत्त्व मंत्र, मंडल अर्पण, गुरुयोग असं सगळं करून घेतात. काही आधी ओळख देतात आणि नंतर हे करायला लावतात, पण करायला लावतातच. कारण ओळख टिकत नाही ती आपल्या सवयींमुळं, आणि सवयी क्षणात जात नाहीत.

रागाचंच घ्या. ओळख झालेल्याला राग येत नाही असं कुणी सांगत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका. गरब दोर्जेंचं तिसरं वचन याच्यासाठीच आहे. राग उठला, तो उठताना कळला, त्याला दाबलं नाही आणि त्याच्या मागं गेलोही नाही, तर तो पाण्यावर ओढलेल्या रेघेसारखा तिथंच मिटतो. पण हे तुम्हाला खेकसण्याच्या आधी कळलं पाहिजे, आणि ते दिवसातून पाच मिनिटं गादीवर बसून येत नाही. जिना चढताना, पेपर तपासताना, चहाची वाट बघताना, पुन्हा पुन्हा क्षणभर थांबून बघायचं, लगेच सोडायचं. आणि खेकसल्यावर बायकोची माफी मागायची, 'माझी साधना चालू आहे' हे तिला सांगायचं नाही. तिला विचारा वर्षभरानं की फरक पडला का. तिचं उत्तर गुरुजींच्या 'हो' इतकंच वजनाचं धरा असं मी म्हणेन.

तुमच्या उशाला आगाशिवाची लेणी आहेत, जखिणवाडीच्या बाजूनं चढून जाता येतं. त्या लहान लहान खोल्यांत भिक्षू पावसाळे काढायचे. रविवारी सकाळी मोबाईल घरी ठेवून तिथं जाऊन बसा, गर्दीच्या वेळी नको.

तासगाव, द्राक्ष बागायतदार. ताई, मला वाचून लई इच्छा झाली. पण जायचं कुठं? पुण्यात एकानं दोन दिवसांचे पंधरा हजार सांगितले, 'मनाचं स्वरूप गॅरंटीनं दाखवतो' म्हणला. छाटणी झाल्यावर वेळ आहे.

गॅरंटी म्हणाला तिथंच नाही म्हणा. राहण्याजेवण्याचा खर्च घेणं वेगळं, दक्षिणा आपल्या मनानं देणं वेगळं, पण ओळखीचा रेट लावणारा माणूस तुम्हाला नको.

तुम्हाला धरमशाळा किंवा नेपाळ गाठायची गरज नाही. आपल्याला सगळ्यात जवळचं मुंडगोड, मिरजेहून रेल्वेनं हुबळी आणि तिथून बस. तिथं तिबेटी वसाहत आहे, ड्रेपुंग आणि गंदेन हे मोठे मठ तिथं नव्यानं उभे केलेत, पण ते गेलुग संप्रदायाचे, तिथं अभ्यास आणि शास्त्रार्थ जास्त. झोगचेनची परंपरा बघायची तर म्हैसूरच्या पुढं बैलकुप्पे, तिथलं नामड्रोलिंग हे न्यिंग्माचं, पेनोर रिनपोछेंनी (१९३२–२००९) १९६३ साली सुरू केलं, लोक त्याला गोल्डन टेंपल म्हणून ओळखतात. परदेशी माणसांना या वसाहतींत राहायला परमिट लागतं, आपल्याला लागत नाही.

पण पहिल्या खेपेला जाऊन 'मला मन दाखवा' असं म्हणू नका. दोनचार दिवस नुसतं राहा, पूजेला मागं बसा, भिक्षूंशी बोला, हिंदी बऱ्याच जणांना येतं. कोण शिकवतात, सामान्य लोकांसाठी शिकवणी कधी असते, हे ऑफिसात विचारा. एखादे गुरू मनाला पटले तर त्यांची शिकवणी दोनतीनदा ऐका, घरी येऊन सांगितलेलं करून बघा, मग परत जा आणि तेव्हा विचारा. ते आधी दुसरंच काहीतरी करायला सांगतील, मैत्री भावना किंवा श्वासावर बसणं, ते कमी समजू नका. आणि जायच्या आधी इथंच, बागेत पाणी सोडून बांधावर बसता तेव्हा, विचार कुठून आला आणि कुठं गेला एवढं बघायला आजपासून लागा, म्हणजे गुरूंसमोर बसाल तेव्हा सांगायला तुमच्याकडं स्वतःचं काहीतरी असेल. छाटणीनंतरच्या फवारणीची सोय करून जा, नाहीतर तिथं बसून सगळं लक्ष बागेतल्या डाऊनी रोगाकडं लागून राहील.